नॉल वाचून झाल्यावर उरलेला प्रश्न: सुरक्षेसाठी ‘चांगला’ डिटेक्टर म्हणजे कोणता?

मागच्या महिन्यात चार दिवस गावी, उमापूरला होतो. गावातला एक पोरगा, नात्यानं धाकटा भाऊच, तालुक्याच्या ठिकाणी एका एक्स-रे केंद्रात तंत्रज्ञ म्हणून काम करतो. संध्याकाळी पारावर बसलो होतो तेव्हा त्यानं विचारलं, “दादा, तू रेडिएशनमध्येच पीएचडी करतो ना? मग हे सांग. आम्हाला एक बिल्ला देतात. तीन महिने वापरायचा, मग तपासायला पाठवायचा. पण मला आज जास्त लागलं तर ते कळतं कव्हा?”

“बिल्ला वाचून रिपोर्ट आला की.”

“म्हंजी लागून गेल्यावर.”

मी लगेच म्हणालो, “आता सेमीकंडक्टरचे डिटेक्टर आलेत, ते तिथल्या तिथं आकडा दाखवतात, ते जास्त चांगले.” त्यानं शांतपणे विचारलं, “मग ते आमच्या खोलीत चालतील ना?” आणि मी गप्प बसलो. कारण ‘जास्त चांगले’ हे मी पाठ केलेलं वाक्य होतं. पहिल्या वर्षी संशोधन प्रस्तावात हेच वाक्य लिहिलं होतं, तेव्हा गाईडनी त्याभोवती पेनानं गोल करून एकच शब्द लिहिला होता: “कशासाठी?” त्या गोलाचा अर्थ मला पारावर कळला.

आजचा लेख त्यावरच आहे. हे वाक्य आपल्या डोक्यात येतं कुठून, तर बहुतेकांच्या बाबतीत ग्लेन नॉल यांच्या ‘रेडिएशन डिटेक्शन अँड मेझरमेंट’ या पुस्तकातून. १९७९ साली पहिली आवृत्ती, २०१० साली चौथी. नेट-सेटची तयारी असो की पीएचडीचा कोर्सवर्क, डिटेक्टर म्हटलं की आपण हेच उघडतो. तेव्हा या पुस्तकाची, आणि त्याहून जास्त आपण ते कसं वाचतो याची, जरा तपासणी करू.

पुस्तक काय उत्तम करतं

आधी श्रेय देऊ. सेमीकंडक्टर डायोड, जर्मेनियम आणि इतर घनरूप डिटेक्टर यांवरची सलग तीन प्रकरणं (११ ते १३) इतकी नीट रचलेली आहेत की एकदा वाचली की विषयाचा सांगाडा डोक्यात पक्का बसतो. मूळ मुद्दा एका आकड्यात आहे. वायूमध्ये एक आयन-जोडी तयार व्हायला साधारण ३० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन-होल जोडी सुमारे ३.६ मध्ये होते, जर्मेनियममध्ये ३ पेक्षाही थोडं कमी. म्हणजे तेवढ्याच ऊर्जेत आठ-दहा पट जास्त वाहक. वाहक जास्त म्हणजे संख्येतली चढउतार प्रमाणात कमी, आणि चढउतार कमी म्हणजे स्पेक्ट्रममधलं शिखर अरुंद. त्यालाच आपण रिझोल्यूशन म्हणतो.

सीझियम-१३७ चं ६६२ केव्हीचं शिखर सोडियम आयोडाइडमध्ये सुमारे ७ टक्के रुंद येतं, चांगल्या जर्मेनियममध्ये ०.२ टक्क्यांच्या आसपास. चांदीच्या समस्थानिकांचे दोन स्पेक्ट्रम एकाखाली एक छापलेली ती आकृती तुम्ही पाहिली असेलच. वर डोंगररांगांसारखे गोल उंचवटे, खाली सुयांसारखी शिखरं. ती पाहिल्यावर कोणाचंही मन जर्मेनियमकडे झुकतं. माझंही झुकलं.

आणि वाचणारा कुठे चुकतो

अडचण अशी की हे पुस्तक मुख्यतः मोजणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाच्या बाजूनं लिहिलेलं आहे. त्याचा प्रश्न असतो, “आलेल्या कणाची ऊर्जा किती?” सुरक्षेचा प्रश्न वेगळा असतो: “या माणसाला किती लागलं, आणि ते वेळेत कळलं का?” पुस्तकात डोसच्या राशी सुरुवातीच्या प्रकरणात येतात, आणि पुढे प्रत्येक डिटेक्टरची ओळख प्रामुख्यानं स्पेक्ट्रमच्या भाषेत होते. नॉल कुठेही “सुरक्षेसाठी रिझोल्यूशन महत्त्वाचं” असं म्हणत नाहीत. पण शंभरेक पानं रिझोल्यूशनवर वाचली की वाचणारा ते स्वतःच धरून चालतो. लेखकाची ही चूक म्हणता येणार नाही, पण पुस्तकाच्या रचनेचा परिणाम मात्र नक्की आहे. एका विषयाचं पाठ्यपुस्तक दुसऱ्या विषयाची कसोटी म्हणून वापरलं की असंच होतं.

एक उदाहरण घ्या. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा स्रोत फोडला गेला. दिल्ली विद्यापीठातलं जुनं गॅमा उपकरण लिलावात भंगार म्हणून गेलं होतं. सात जणांना किरणोत्साराची इजा झाली, त्यांतला एक माणूस दगावला. तिथं कमी काय पडलं? रिझोल्यूशन नाही. एखादी साधी गायगर नळी दारात टकटक करत असती तरी पुरलं असतं. स्रोत कोबाल्ट आहे की सीझियम, हा प्रश्न नंतरचा. आधी कोणीतरी थांबायला हवं होतं.

हिशोब करून पाहू: छोटा डायोड किती पाहतो?

आता पारावरच्या प्रश्नाकडे येऊ. खिशाला लावायच्या इलेक्ट्रॉनिक डोसमीटरमध्ये बहुधा सिलिकॉनचा पिन डायोड असतो. समजा त्याचं क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर आणि जाडी ३०० मायक्रॉन. घनता २.३३, म्हणजे वस्तुमान सुमारे ०.०७ ग्रॅम. खडीसाखरेच्या बारीक खड्याएवढं.

नैसर्गिक पार्श्वभूमी ताशी ०.१ मायक्रोग्रे धरा. ग्रे म्हणजे दर किलोला एक जूल. गुणाकार केला तर या खड्यात तासाभरात जमा होणारी ऊर्जा सुमारे ४४ एमईव्ही. एका इलेक्ट्रॉननं सरासरी १०० केव्ही सोडले असं मानलं तर तासाला साधारण ४४०, म्हणजे मिनिटाला सात स्पंद. सातचं वर्गमूळ अडीचच्या वर. एका मिनिटाच्या वाचनात ३५-४० टक्के अनिश्चितता तर केवळ संख्याशास्त्राचीच.

आता दुसऱ्या टोकाला जा. किरणोत्साराच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी एईआरबीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. वर्षाचे २,००० कामाचे तास धरले तर २० मिलिसिव्हर्ट म्हणजे ताशी १० मायक्रोसिव्हर्ट, पार्श्वभूमीच्या शंभरपट. तिथं हाच डायोड मिनिटाला ७०० स्पंद देतो आणि अनिश्चितता ४ टक्क्यांच्या आत येते.

तोच डायोड, तीच जोडणी. कामगाराच्या खिशात तो पुरेसा आहे आणि गावाच्या वेशीवर पर्यावरण मोजायला अपुरा. बीएआरसीच्या देशभरच्या पर्यावरण-निरीक्षण जाळ्यात, ज्याला आयर्मॉन म्हणतात, जीएम नळ्या आहेत हे मला आधी मागासलेपण वाटायचं. हा हिशोब स्वतः केल्यावर मत बदललं. मोठं आकारमान, इलेक्ट्रॉनिक्सची कटकट कमी, किंमत कमी. त्या कामाला ते बरोबरच आहे.

तुमच्या प्रस्तावात ‘संवेदनशील’ हा शब्द असेल तर हा अर्ध्या पानाचा हिशोब सोबत असलाच पाहिजे. तो नसेल तर तो शब्द खोडा.

एक्स-रेच्या खोलीत मात्र तीन अडचणी

भावाची खोली म्हणजे निदानाचा एक्स-रे. तिथं माणसापर्यंत येणारे विखुरलेले फोटॉन साधारण ३० ते ६० केव्हीच्या पट्ट्यात जास्त असतात. आणि नेमकं इथंच सिलिकॉन फसवतं.

पहिली अडचण ऊर्जेची. सिलिकॉनचा अणुक्रमांक १४, आपल्या मऊ ऊतींचा परिणामी अणुक्रमांक साडेसातच्या आसपास. कमी ऊर्जेला प्रकाशविद्युत परिणाम अणुक्रमांकाबरोबर झपाट्यानं वाढतो. त्यामुळे ३० केव्हीला सिलिकॉन त्याच वजनाच्या ऊतीपेक्षा सात-एक पट ऊर्जा शोषतं, ६० केव्हीला साडेचार पट, १०० केव्हीला दुपटीहून थोडं कमी. म्हणजे डायोड जे सांगतो तो सिलिकॉनचा डोस असतो, माणसाचा नव्हे. वर धातूची पातळ चकती लावून हे सपाट करावं लागतं. तो फिल्टर नीट नसेल तर आकडा कितीही झगमगता असला तरी खोटा.

दुसरी अडचण वेळेची. एक्स-रे हा सतत चालणारा दिवा नाही, क्षणभर लखलखून विझतो. समजा एका शॉटमध्ये १०० मिलिसेकंदात, फिल्टरमधून आल्यावर, डायोडला १ मायक्रोग्रे मिळाला. एका घटनेला ४० केव्ही धरले तर त्या दशांश सेकंदात ११,००० स्पंद यायला हवेत. मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सला एका स्पंदानंतर सावरायला १० मायक्रोसेकंद लागत असतील, तर मृतकाळाच्या साध्या सूत्रानं मोजले जातील सुमारे ५,२००. निम्म्याहून जास्त स्पंद गेले! माणसाला लागलं ते लागलंच, यंत्रानं निम्मं सांगितलं. शॉट आणखी छोटा आणि तीव्र असेल तर तूट वाढते. हे फक्त कागदावरचं भय नाही. युरोपात २००८ ते २०११ मध्ये झालेल्या ओरामेड प्रकल्पात हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या क्ष-किरण प्रक्रियांसाठी असे इलेक्ट्रॉनिक डोसमीटर तपासले गेले, आणि स्पंदित क्षेत्रात डोस-दर चढला की वाचन घसरतं ही मर्यादा तिथंही समोर आली.

तिसरी अडचण आपल्या हवेची. १०० केव्हीमधून डायोडमध्ये सुमारे २८,००० जोड्या निघतात, म्हणजे साडेचार फेम्टोकूलॉम्ब भार. हा इवलासा भार गोंगाटातून वेगळा काढायचा असतो. जीएम नळीत ही चिंता नाही, तिथं स्पंद मुळातच दणदणीत असतो. सिलिकॉनचा गळती-प्रवाह दर ७-८ अंशांना साधारण दुप्पट होतो. प्रयोगशाळेत २५ अंश आणि आमच्याकडे मे महिन्यात ४२. म्हणजे गळती चार-पाच पट. गोंगाट वाढला की खोटे स्पंद टाळायला उंबरठा वर न्यावा लागतो, आणि उंबरठा वर नेला की पहिले बळी कमी ऊर्जेचे स्पंद. म्हणजे पुन्हा एक्स-रेच्या खोलीतलेच.

या तिन्ही गोष्टींचा रिझोल्यूशनशी जवळपास संबंध नाही. आणि आपले प्रस्ताव रिझोल्यूशनपाशीच सुरू होतात आणि तिथंच संपतात.

मग तो जुना बिल्ला?

आपण ज्याला जुनाट म्हणतो तो बिल्ला ट्रॉम्बेतच घडला. फिल्मच्या बिल्ल्यांच्या जागी १९७५ पासून बीएआरसीनं टीएलडी आणला. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर टेफ्लॉनमध्ये मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेट-डिस्प्रोसियमच्या तीन चकत्या. एकीवर धातूचा फिल्टर, दुसरीवर प्लास्टिकचा, तिसरी उघडी. किरणोत्सारानं सुटलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या सापळ्यांत अडकून बसतात. तापवलं की सुटतात आणि प्रकाश देतात. पट्टा-सिद्धांत तोच, निषिद्ध अंतर तेच. सेमीकंडक्टरचा हा चुलतभाऊच. फरक इतकाच की तो जे पाहतो ते लगेच सांगत नाही, साठवून ठेवतो.

त्याचीही कमी ऊर्जेला वाढीव बोलण्याची खोड सिलिकॉनसारखीच, कारण कॅल्शियम सल्फेटचा परिणामी अणुक्रमांक १५ च्या घरात. म्हणून तर तीन चकत्या. त्यांच्या वाचनांच्या गुणोत्तरावरून फोटॉनच्या ऊर्जेचा अंदाज येतो आणि दुरुस्ती करता येते. आणि मृतकाळ? इथं स्पंद मोजायचेच नसल्यानं तो प्रश्नच नाही. शॉट १० मिलिसेकंदांचा असो की एका सेकंदाचा, सापळे भरत जातात. बॅटरी नाही, मोबाइलचा व्यत्यय नाही.

म्हणजे ज्या खोलीत नवा डिटेक्टर अडखळतो तिथं जुना बिल्ला प्रामाणिक राहतो. फक्त तो उशिरा बोलतो. भावाची तक्रार खरी आहे आणि तिचं उत्तर टीएलडीकडे नाही. पण माझं ‘जास्त चांगले’ हेही उत्तर नव्हतं. खरं उत्तर असं की नोंदीसाठी बिल्ला आणि इशाऱ्यासाठी इलेक्ट्रॉनिक, दोन्ही सोबत, आणि इलेक्ट्रॉनिक यंत्र स्पंदित क्षेत्रात तपासलेलं.

आणखी एक गोष्ट मी त्याला विचारली. “बिल्ला लावतोस कुठं?” तो हसला. “भिंतीला खिळा आहे, तिथं. हरवला तर झंझट.” बिल्ला छातीच्या उंचीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा असतो. खिळ्यावरचा बिल्ला खिळ्याचा डोस मोजतो. जगातलं कुठलंही सेमीकंडक्टर ही चूक दुरुस्त करत नाही. मी तसं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “हे कोणी नीट सांगितलंच नाही, दादा.” आमच्या विषयातला सगळ्यात स्वस्त सुधार कदाचित हाच असेल, आणि त्यावर कोणी प्रबंध लिहीत नाही.

जिथं रिझोल्यूशनच जीव वाचवतं

टीका एकांगी होऊ नये म्हणून दुसरी बाजूही. ट्रॉम्बेत १९६४ पासून प्लुटोनियम वेगळं करण्याचं काम चालतं. अशा ठिकाणी हवेत प्लुटोनियमचे कण आहेत का हे सतत पाहावं लागतं. हवा गाळणीतून ओढतात आणि गाळणीसमोर सिलिकॉन डिटेक्टर ठेवतात. प्रश्न असा की हवेत रेडॉनची वंशावळ नेहमीच असते आणि तीही अल्फा सोडते: पोलोनियम-२१८ चे ६ एमईव्हीचे, पोलोनियम-२१४ चे ७.७ चे. प्लुटोनियम-२३९ चे सुमारे ५.१५ चे. त्यात रेडॉनच्या शिखरांची शेपटी खाली प्लुटोनियमच्या जागेत उतरते. इथं रिझोल्यूशन कमी असेल तर दोनच गोष्टी होतात. रेडॉन वाढलं की खोटी घंटा, किंवा खोट्या घंटांना कंटाळून उंबरठा वाढवला की खरी घंटा मुकी. इथं सिलिकॉनचं रिझोल्यूशन ही चैन नाही, तीच सुरक्षा आहे. आणि इथं नॉलचं अकरावं प्रकरण ओळीनं ओळ उपयोगी पडतं.

तंत्र आपल्याकडे नाही असंही नाही. सीईआरएनच्या सीएमएस प्रयोगातल्या प्रीशॉवर भागासाठी लागणारे सिलिकॉन पट्टी-डिटेक्टर बीएआरसीनं बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनवून घेतले होते. म्हणजे सिलिकॉनवर काम करणारे हात देशात आहेत. उरतो तो प्रश्न विचारण्याचा.

तुमच्यासाठी, प्रस्ताव लिहिण्याआधी

नॉल वाचाच. पण त्याच्या शेजारी दोन गोष्टी ठेवा. एक, आयसीआरयूनं १९८५ च्या ३९ व्या अहवालात मांडलेल्या कार्यकारी राशी, म्हणजे वैयक्तिक आणि परिसर डोस-समतुल्य. डिटेक्टर शेवटी काय सांगायला बांधील आहे ते तिथं कळतं. दोन, वैयक्तिक डोसमीटरसाठीचं आयईसी ६१५२६ हे मानक. पाठ्यपुस्तकात जे दोन ओळींत उरकतं, ऊर्जा, कोन, तापमान, तीव्र डोस-दर, त्या प्रत्येकासाठी तिथं चाचणी आहे.

मग स्वतःला विचारा: कोणासाठी मोजतोय? कोणत्या ऊर्जेला? क्षेत्र सतत आहे की स्पंदित? किती वेळात कळलं पाहिजे? खोलीचं तापमान किती? या पाचांची उत्तरं लिहिल्यावर सेमीकंडक्टर हवा असेल तर बिनधास्त घ्या. तेव्हा ‘चांगला’ या शब्दाला आधार असेल.

मी माझ्या प्रस्तावातलं ते वाक्य बदललं. आता तिथं असं आहे: “निदानात्मक एक्स-रेच्या स्पंदित, कमी ऊर्जेच्या विखुरलेल्या क्षेत्रात आणि ४० अंशांहून जास्त तापमानात सिलिकॉन पिन डायोडचं वाचन टीएलडीच्या तुलनेत किती घसरतं?” वाक्य लांब झालं, रुबाब गेला. गाईडनी या वेळी गोल केला नाही, नुसतं “आता मोज” असं लिहिलं.

आणि निघताना भावाला फोन केला, तर म्हणाला, “खिळा काढला, दादा.” सध्या तरी माझ्या संशोधनाचा हा एकच निकाल हाती आहे. बाकीचं मोजून झालं की इथं लिहीनच. तुमचे हिशोब वेगळे येत असतील तर आकड्यांसकट पाठवा.